माझा गोठा आणि हिलालची गाडी

गाडीचे फोटो काढायला आलात तर काढा. फक्त म्हशीच्या मागून जाऊ नका, लाथ मारते. आणि हिलाल किती मोठा कलाकार होता ते मला सांगू नका. मागे शहाद्याहून पोरं आली होती मोबाईल घेऊन. त्यातलं एक म्हणालं, आजी, तुमच्या घरात हिरा होता, तुम्हाला कळलंच नाही. मी म्हटलं, बाबा, त्या हिऱ्याला मी जन्मभर भाकरी थापून घातल्या. कळणार कसं नाही?

हिलाल माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. अंगाने काडी, पण हात लोहाराचे. शेतात त्याचं लक्ष नाही. गावातली ऑइल इंजिनं, फवारणीचे पंप, कोणाची मोटरसायकल, ह्यातच डोकं. हात रॉकेलने धुवायचा, मग मातीने घासायचा, तरी त्याने भाकरीचा तुकडा मोडला की वास यायचाच.

त्याची एक खोड होती. ताट वाढलं की आधी बोटाच्या गाठीने त्यावर टक टक करायचा, मान वाकडी करून ऐकायचा, मग जेवायचा. लग्नाच्या पंगतीत तसं, दवाखान्याच्या खाटेवर तसं. विचारलं तर म्हणायचा, "पत्रा बोलस, वयनी." बोलत असेल. माणूस बोललं तर मात्र त्याला ऐकू यायचं नाही.

त्याला मुलगी दाखवायला तळोद्याकडच्या एका गावी गेलो होतो. मी, आमचे हे आणि तो. पोहे आले, मुलगी आली, डोक्यावर पदर घेऊन बसली. बघतो तर नवरदेवच नाही. अंगणात मुलीच्या बापाची मोटरसायकल होती, ती ह्याने आडवी पाडून सायलेन्सर काढलेला. मुलीची आत्या दारात उभी राहून ओरडली, "काय वं माय, जावाई उना का मिस्तरी उना?" बाप शहाणा माणूस. तो म्हणाला, "पोर काही देवाव नही. पन गाडी नीट करी जाऊ द्या त्याले." ह्याने गाडी नीट केली. येताना सगळ्या रस्त्याने खूश. मुलीचा चेहरा कसा होता विचारलं तर त्याला सांगता येईना. पुन्हा कोणी मुलगी दाखवली नाही.

मग ती सारंगखेड्याची यात्रा. लोक घोडे बघायला जातात, हा तंबूतला सिनेमा बघायला गेला. कुठला तरी इंग्रजांचा पिच्चर, माणसं हिंदी बोलणारी. त्यात म्हणे काळी लांब गाडी होती, तोंडापासून शेपटापर्यंत दोन पांढरे पट्टे, डोळ्यांना सोन्यासारखी कडी. पूल तुटलेला असतो, आणि गाडीवाला थांबत नाही. गाडी नदीवरून उडते. हिलालने यात्रा उठेपर्यंत तोच पिच्चर पाहिला, तंबूच्या मागेच झोपला. लोक लगाम घेऊन आले, घुंगरं घेऊन आले. हा तोंडात एक आवाज घेऊन आला. घर्रर्र, घुम्म. औत हाकताना तोच, जेवताना तोच. बैल बिचकायचे.

जिनिंगवाल्या शेटजीच्या आवारात मागे एक विलायती गाडी सडत पडली होती. शेटजीच्या बापाच्या वेळची, स्टिअरिंगचं चाक डाव्या हाताला. तिच्यात बोरीचं झुडूप उगवलं होतं, कोंबड्या अंडी घालायच्या. शेटजीचं इंजिन हिलाल सांभाळायचा, म्हणून शेटजी म्हणाले, ने बाबा, जागा मोकळी कर. ह्याने आमचीच बैलजोडी नेली आणि ते धूड दोरखंडाने ओढत गावातून आणलं. सगळं गाव ओट्यावर. "हिलाल, नवरी आनी का रे? वय जास्तीच दिखस!" "हुंडामा कोंबड्या बी उन्यात वाटतं!" हा हसत होता. त्याला लाज नव्हती, ती सगळी माझ्याकडे होती.

आणि ते धूड त्याने माझ्या गोठ्यात घातलं.

गोठा माझा होता, हे नीट ऐकून घ्या. शेत वाटणीचं, घर सासूचं, पण गोठा मी आणि ह्यांनी बांधला. माती मी तुडवली. खालचे दगड गोमाई नदीतून डोक्यावर आणले, अजून माझ्या मानेला गाठ आहे. दोन म्हशी, त्यांच्या दुधावर माझी पोरं वाढत होती. त्या म्हशी हिलालने सोडून अंगणातल्या निंबाखाली बांधल्या. मी आडवी उभी राहिले. तो म्हणाला, "चार दिन, वयनी. फक्त चार दिन."

सासू ओट्यावरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं. जनावरले काय, झाड बी चालस." धाकट्यावर तिचा जीव. आमचे हे सुटलेलं दावं गुंडाळत राहिले. भावासमोर ह्यांना शब्द सापडायचा नाही.

चार दिवसांचा पावसाळा झाला, पावसाळ्याचं वर्ष झालं. हिलाल गोठ्यातच राहायला गेला. सगळा दिवस ठोकठोक. पत्रा ठोकायला खाली दगड लागतो म्हणून माझा पाटा नेला. पाट्यावर मिरची वाटायची, तिथे गाडीचं दार सरळ होत होतं. चटणीत लोखंडाचा कीस यायला लागला तेव्हा मी नवा पाटा आणला आणि घरात कडीकुलपात ठेवला. पाट्याला कुलूप लावणारी मी ह्या गावात एकटीच.

एकदा चैत्रात अवकाळी आलं. वारा असा की पत्रे उडाले. निंबावर वीज पडली. चांदी म्हणून माझी म्हैस होती, गाभण, ती जागेवर बसली ती उठली नाही. दुसरी दावं तोडून पळाली म्हणून वाचली. हिलाल बाहेर आला. म्हशीकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं. मग आत गेला आणि गोठ्याचं छप्पर गळत होतं तिथे गाडीवर ताडपत्री टाकली. मेलेल्या म्हशीवर टाकायला माझ्याकडे गोणपाट नव्हतं.

मी म्हटलं, "तुन्हा चार दिन कव्हय सरतीन रे?"

म्हणाला, "पत्रानं काम ऱ्हायनं शे फक्त."

तो वाईट बोलायचा नाही, शिवी द्यायचा नाही, दारू प्यायचा नाही. लोक हेच सांगतात मला. अहो, दारू प्याला असता तर झोपला तरी असता. कधी तरी उतरली असती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. माझ्या भावांनी लग्नात दिलेला पितळी हंडा होता, आखाजीचं पाणी मी त्यातच भरायची. त्या सकाळी हंडा सापडेना. चूल पाहिली, माळा पाहिला, शेजारी विचारलं. मग गोठ्यात गेले तर हंडा माझ्याकडे बघत होता. हिलालने तो कापून त्याची दोन कडी केली होती आणि गाडीच्या पुढच्या दिव्यांना बसवली होती. पिच्चरमधल्या गाडीला सोन्याचे डोळे होते ना!

"वयनी, पानी कशामा बी भराई जाई. पन हाई पितळ देख, जुनं शे, नरम शे. असं आते भेटत नही."

माझ्या हातात तांब्या होता, तो मी फेकून मारला. त्याला नाही लागला. गाडीच्या इंजिनावरच्या टोपणाला लागला, पोचा पडला. हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्याने पोच्यावरून हात फिरवला, जसं पडलेल्या लेकराच्या गुडघ्यावरून फिरवतात. त्या वर्षी पितरांचं पाणी मी मडक्यात भरलं.

आता ह्यांचं सांगते. लांबवत नाही.

तोवर गाडी चालायला लागली होती. इंजिन कुठल्या तरी मोडक्या ट्रकचं, गाद्या स्वतः शिवलेल्या, रंग काळा, पट्टे पांढरे. आवाज तीन गावांना जायचा. सुरू केली की आमची म्हैस पान्हा चोरायची, तासभर कासेला हात लावू द्यायची नाही. मी भांडायची, तो म्हणायचा, "सवय व्हई तिले."

दुपार होती. हे विहिरीवरून आले, छातीला हात. ओट्यावर बसले आणि आडवे झाले. घामाने धोतर भिजलेलं. मी धावत गोठ्यात गेले. जमिनीवर गोणपाट आणि त्यावर इंजिन. सगळे तुकडे ओळीने मांडलेले, जसे लग्नात रुखवत मांडतात. हिलाल उकिडवा बसला होता, हातात एक नट.

मी म्हटलं, "तुन्हा भाऊले दवाखानामा नेनं शे. गाडी काढ."

"वयनी, इंजिन खोललं शे."

"जोड."

"सांज व्हई."

खोटं बोलत नव्हता. लोक म्हणतात त्याने मुद्दाम गाडी दिली नाही, तसं नव्हतं. इंजिन खरंच उघडं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. खोटं बोलला असता तर मला एक माणूस तरी सापडला असता शिव्या द्यायला. तसं काही नव्हतं. वर्षानुवर्षं ती गाडी माझ्या गोठ्यात होती, आणि नेमकी त्या दुपारी ती गाडी नव्हतीच, नुसते तुकडे होते.

शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत निम्म्या पऱ्हाट्या तशाच, त्यावर गोधडी टाकली. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. निघताना हिलाल गोठ्यातून ओरडला, "तुम्ही व्हा पुढे, मी जोडीसन मांगे येस!" जिनिंगचं वळण ओलांडलं, पुढे उसाच्या गाड्या होत्या, रस्ता खडीचा. ह्यांनी एकदा पाणी मागितलं. कळसाडीच्या फाट्याअलीकडे हात सैल झाला. ट्रॅक्टरवाल्याला मी सांगितलं, वळव.

आम्ही परत अंगणात आलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. गोठ्याच्या दारात गाडी उभी होती, जोडलेली, सुरू. घर्रर्र, घुम्म. संध्याकाळ होईल म्हणाला होता, त्याने त्याआधी जोडली होती. बोटांतून रक्त येत होतं, पुसलेलं नव्हतं. दार उघडून उभा. म्हणाला, "व्हई गयी वयनी! बठाडा दादाले!"

मी ट्रॉलीत तशीच बसून होते. त्या आवाजात बोललं तरी ऐकू आलं नसतं. बऱ्याच वेळाने त्याने माझ्या मांडीकडे पाहिलं. मग आत वाकून चावी फिरवली. आवाज बंद झाला तेव्हा सासूचं रडणं ऐकू आलं.

त्या दिवसापासून मी त्या गाडीत बसले नाही. कोणी बसा म्हटलंही नाही.

भावाचं सगळं त्याने केलं. डोकं भादरलं, दहावं केलं, तेरावं केलं. मग पुन्हा ठोकठोक. मी सासूला म्हटलं, आता तरी गाडी गोठ्यातून काढ म्हणा, मला दुसरी म्हैस आणायची आहे, पोरांना कशावर वाढवू? सासू म्हणाली, "एक आंडोर गया मन्हा. दुसरा बी काढू का घरमाईन?" पोरगा गेला, दुसराही घालवू का म्हणते. मग मी कोणाला विचारायचं सोडून दिलं. दुसरी म्हैस आणली, निंबाच्या जळक्या बुंध्याला बांधली. पावसात तिच्यासोबत मीही भिजले.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, एकेकाची सव्वा मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर कुणाला तुकडा द्यायचा नाही. सुतकाचं वर्ष गेलं आणि पुढच्या श्रावणात सूप माझ्यासमोर आलं. सासूचे हात कापायचे, म्हणून मूठ मी टाकत होते. पोरांच्या नावाची टाकली. हिलालच्या नावाची टाकली. ह्यांच्या नावाची टाकायची नव्हती. माझा हात गव्हात तसाच थांबला.

हिलाल समोर बसला होता, अंघोळ करून, कपाळाला गंध. म्हणाला, "वयनी, आखो एक मूठ टाक."

मला वाटलं, भावाची म्हणतो. मी सांगितलं, गेलेल्या माणसाची घेत नाहीत.

"दादानी नही. मन्ही गाडीनी. माले आंडोर नही, बाई नही. तीच शे मन्ही."

भाऊबंदांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी हसले नाही. म्हटलं, "लोखंडले कूळ नही ऱ्हास, हिलाल. तिनी एक माणूस खाधा, तिले रोट कशाले?"

तो पुढे वाकला, पोत्यात हात घातला आणि स्वतःच्या मुठीने गहू काढून सुपात टाकले. पडले ते पडले. सुपातल्या गव्हात कोणते पोराचे, कोणते गाडीचे, वेगळे कसे काढणार? दळले, रोट झाला, मी खाल्ला. देवीचा होता म्हणून खाल्ला. पुढे दर वर्षी तो तसंच करायचा. मी सूप पुढे सरकवून मान वळवायची.

मग त्याचं नाव झालं. यात्रेला गाडी नेली की घोडे बघायला आलेली माणसं तिच्याभोवती गोळा. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला घाटाने घेऊन गेला, गाडीचं पोट दगडाला घासलं, तर घाटातच गाडीखाली झोपून राहिला, होळी पाहिलीच नाही. एक मोठं वऱ्हाड नवरदेवाच्या वरातीला गाडी मागायला आलं. हिलालने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "नेस मी. पन नवरदेवना बूट काढा." नवरदेवाचा मामा भडकला. "नवरदेव काय देवळामा जाई ऱ्हायना का?" हिलाल म्हणाला, मग घोडा बघा, सारंगखेड्याला पुष्कळ आहेत. वऱ्हाड चहा न पिता गेलं. गावाने ही गोष्ट हसत हसत सांगितली. तो चहा मी केला होता, तो ओतून दिला, एवढं माझ्या लक्षात आहे.

सासू गेली. माझा मोठा पोरगा राजू हाताशी आला, ट्रॅक्टर आला, घराला स्लॅब पडला. गोठा तसाच. राजूला मी म्हणायची, काकाला सांग. तो म्हणायचा, "माय, आते इतलं वरीस गयं." वर्षं गेली ती माझी गेली.

मागच्या साली हिलालच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय. घरात खाट टाकली तर तिथे राहीना, गोठ्यात गाडीशेजारी खाट लावायला लावली. भाकर मी घेऊन जायची. दुसरं कोण नेणार? ताट ठेवलं की डाव्या हाताने टक टक करायचा. तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे मान वाकडी केलीय की नाही ते समजायचं नाही. मी ताट ठेवून उभी राहायची नाही. एकदा त्याने हाक मारली, "वयनी." मी थांबले. तो गाडीच्या टोपणाकडे बघत होता. म्हणाला, "पोचा तसाच ठेवेल शे मी." तांब्याचा पोचा. बाकी सगळा पत्रा त्याने आरशासारखा केला होता, तेवढाच ठेवला होता. कशाला ठेवला ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ताट धुवायचं होतं.

मग एका सकाळी त्याला श्वास लागेना. राजूने सरकारी गाडीला फोन केला, ती डोंगरात दुसऱ्या पेशंटला गेलेली. राजू म्हणाला, "काका, आपली गाडी शे ना. मी चालाडस." गाडी धडधाकट होती. राजू रोज तिला थोडा वेळ सुरू ठेवायचा, काका सांगायचा म्हणून. हिलालने मान हलवली. शब्द ओढत ओढत म्हणाला, "नको. गीर मोडशी."

राजू चिडला. "जीव जाई ऱ्हायना तुन्हा, अन् गीरनं काय लई बठनास?"

"नको."

मग ट्रॅक्टर. मग ट्रॉली. मी गोधडी टाकली. ती गोधडी वेगळी, पण टाकणारे हात तेच. त्याला चौघांनी उचलून ठेवलं. ठेवताना डोकं पुढे आणि तोंड मागे, गोठ्याकडे झालं. मी ट्रॉलीत चढले नाही. राजूची बायको चढली.

ट्रॅक्टर सुरू झाला. मी निंबाजवळ गेले आणि म्हशीचं दावं सोडलं. मला थांबायचं नव्हतं. तो परत येईपर्यंत नाही, तो मरेपर्यंत नाही, जिनिंगच्या वळणापर्यंतसुद्धा नाही. त्याने बघावं असं मला वाटत होतं. मी म्हैस ओढत गोठ्यात नेली, गाडीच्या बाजूने, भिंतीकडच्या जुन्या खुंट्याशी. माझे दगड तिथेच होते. म्हैस आत शिरली, एकदा फुसफुसली आणि उभी राहिली. मावली. गाडी होती तशी राहिली आणि म्हैसही मावली. इतकी वर्षं मावली असती.

मी दारातून बाहेर पाहिलं. ट्रॉली वळणावर आली होती. हिलालने डावा हात वर केला होता, डोकं उचललं होतं. राजूची बायको त्याला खाली दाबत होती. आणि एवढ्या लांबून, त्या वाकड्या तोंडाने, श्वास नसलेला माणूस ओरडला. मला स्पष्ट ऐकू आलं.

"दावं आखूड बांध वयनी! शिंग लागी!"

मग जिनिंगची भिंत आडवी आली.

मी आत वळले. दावं आखूडच बांधलं. त्या लोखंडावर आपटून माझ्या म्हशीचं शिंग मोडलं असतं.